नाताळची भाऊबीज

आई,

नाताळ सहा दिवसांवर आला आहे आणि खासबागेतल्या आपल्या घरात अजून रवा भाजलेला नाही. दरवर्षी या सुमाराला शेजारच्या हातमागाच्या खटखटीवर तुझ्या उलथन्याचा आवाज चढलेला असायचा. आज नुसता माग ऐकू येतो. आप्पा ओसरीवर बसून असतात. छापखान्यात जात नाहीत. जेवायला उठवलं तर उठतात, आणि मधेच विचारतात, "खसखस आणली का तिनं?" मी "हो" म्हणते. तुझी पोरगी खोटं बोलायला लागली, बघ.

तुला मातीत निजवून दहा दिवस झाले. पाळकबाबांनी प्रार्थनेत तुला "प्रभूची नम्र दासी" म्हटलं. त्या दुःखातही मला हसू आलं. नम्र! भाजीवालीनं मापात एक वांगं कमी टाकलं तर अख्खा बाजार थांबवणारी तू. मी तिथंच उठून बोलणार होते, पण आप्पांनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. म्हणून तिथं राहिलेलं इथं लिहिते आहे. मला गोड लिहिता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. आप्पा छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे. छापखान्यातून बिघडलेले कागद घरी आणायचे आणि मी त्यांच्यावर वाचायला शिकले. आधी मिशनची पत्रकं, मग स्वदेशीची, मग स्वराज्याची. तू तेच कागद करंज्यांच्या डब्यात तळाला घालायचीस. "ह्या पोरीला तुमी दूध न्हाय, शाई पाजली," असं तू आप्पांना म्हणायचीस. तक्रार म्हणून म्हणायचीस की कौतुक म्हणून, ते मी कधी विचारलं नाही.

मी पाच वर्षांची असेन. तोवर आपला नाताळ म्हणजे कॅम्पातल्या मिशनच्या बंगल्यावर जायचं. दिवाणखान्यात झाड उभं केलेलं असायचं, त्याला कापूस चिकटवलेला. हा कापूस झाडाला का आला, असं मी विचारलं तर तू म्हणालीस, "थंडी वाजत आसंल त्याला." मग सगळ्यांनी रांग धरायची. मडमबाई एकेकाच्या हातात पुडकं द्यायच्या. त्या वर्षी माझ्या पुडक्यात एक झगा निघाला, काखेत उसवलेला. आप्पांनी शिकवलं होतं तसं तू मान लववून आभार मानलेस. घरात आल्यावर झगा खुंटीला टांगलास, पदर खोचलास आणि म्हणालीस,

"सण काय रांगंत हुबं ऱ्हाऊन घ्यायचा असतो व्हय? सण आपल्या चुलीवर करायचा असतो. फुडल्या साली मी जाणार न्हाय."

आप्पा म्हणाले, "अगं, ते प्रेमानं बोलावतात."

"मग मी बी त्यास्नी प्रेमानं बोलावते. येऊ देत की. पाटावर बसवते, वाढते."

त्यांना कुणी बोलावलं नाही आणि ते कुणी आले नाहीत. पण पुढच्या वर्षीपासून आपल्या घरात नाताळ सुरू झाला, आणि तो तू तुझ्या हातांनी घडवलास. सकाळी उटणं लावून अंघोळ. दारात तांदळाच्या पिठाची चांदणी, चौकटीला आंब्याचं तोरण. ओल्या खोबऱ्याच्या नव्हे, सुक्याच्याच करंज्या, कारण त्या टिकतात आणि वाटता येतात. आप्पा घाबरले. चर्चमध्ये लोक काय म्हणतील, हे आपल्या शास्त्रात नाही, असं म्हणाले.

"तुमच्या पुस्तकात त्ये झाड कुठं हाय, तेवढं दावा," तू म्हणालीस.

बिचारे आप्पा! चष्मा लावून संध्याकाळभर पानं उलटत बसले. शेवटी म्हणाले, "झाड नाही सापडत."

"मग माझं उटणं बी नगा हुडकू."

हे सगळं मी शाळेत शिकवते त्या मुलींना सांगते तेव्हा त्या हसतात. पण पुढचं मी त्यांना सांगत नाही.

दिवाळीत तू हसायची नाहीस. इतर दिवस धकून जायचे. भाऊबीजेला तू सकाळपासून काहीतरी घासत बसायचीस. आप्पांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या मागं तू घेतलास, त्या दिवसापासून काकतीचं माहेर तुला बंद झालं होतं. एकदा बाजारात तुझ्या गावची एक बाई तुझ्याकडे बोट करून दुसरीला म्हणाली, "हीच ती. बाटली." मी घरी येईपर्यंत विचार करत होते. मग विचारलं, "आई, तू कसली बाटली? तेलाची का औषधाची?"

तू आधी माझ्याकडे बघत राहिलीस. मग इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं. "अत्तराची गं," म्हणालीस.

त्याच वर्षी तू आप्पांना विचारलंस, "ज्याच्या जन्माचा सण करतो आपण, त्याला भनी हुत्या का न्हाय?"

आप्पांनी आठवून सांगितलं, "होत्या. नावं दिलेली नाहीत, पण होत्या असं लिहिलंय."

"मग त्यानी ओवाळलंच आसंल की त्याला," तू म्हणालीस, आणि तुझा विचार पक्का झाला.

मामा दर आठवड्याला काकतीहून गाडी घेऊन बाजाराला यायचे, रताळी नाहीतर भात घेऊन. तू त्यांच्या गाडीपाशी गेलीस, चार हात लांब उभी राहिलीस आणि भाजीचा भाव करावा तशा आवाजात म्हणालीस, "अण्णा, भाऊबीजेला तुला येता येत न्हाय. समदी भावकी डोळं लावून बसलेली असती. आमचा एक सण हाय, नाताळ म्हणून. त्याचा तुझ्या गावाला पत्ता न्हाय. त्या दिवशी तू कुठं गेलास हे कोण इचारतंय? त्या दिवशी ये. मी भाऊबीज त्या दिवशी करते."

आई, मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. पण एवढी हुशार योजना मला कुणाची दिसली नाही. गावाला जो सण ठाऊकच नाही, त्याच्या आडोशाला तू तुझं माहेर आणून ठेवलंस.

आणि मामा आले. मागच्या दारानं, पटका अर्धा तोंडावर ओढून. तू पाट मांडलास, ओवाळलंस, त्यांनी तुझ्या ताटात खण टाकला. माझं नाव विचारलं.

"रूथ," मी म्हटलं.

"रूत? म्हंजे? चिखलात चाक रुततं तसं?"

"अण्णा, पुस्तकातलं नाव हाय ते," तू म्हणालीस.

"आसंल. पण माझ्या जिभंला त्ये येणार न्हाय. मी आपली रुक्मी म्हणणार. काय गं रुक्मी, येतीस का काकतीला? म्हशीवर बसवतो."

त्या दिवसापासून माझा नाताळ म्हणजे मामा. ते यायचे, मला गुडघ्यावर घ्यायचे, गावातल्या कुणाच्या म्हशीनं कुणाचं पीक खाल्लं ते सांगायचे. आणि सगळ्या नाताळभर त्यांच्या उजव्या हाताशी एक तांब्या असायचा, वर पान झाकलेला. काकतीच्या विहिरीचं पाणी. तहान लागली की तेच प्यायचे. तुझ्या हातची करंजी त्यांनी कधी खाल्ली नाही. तू त्यांना रवा, खोबरं, गूळ, सगळं कच्चं बांधून द्यायचीस. कच्च्याला विटाळ नाही. "वैनीला करंज्या करून घ्यायला सांग," म्हणायचीस. "माझ्या हाताला अशीच चव आली आसती."

मी लहान होते तोवर मला त्या तांब्यात काही दिसलं नाही. पंधरा वर्षांची असताना मामा कांबळं विसरून गेले आणि मी ते घेऊन त्यांच्या मागं धावले. गावाबाहेर ओढ्यावर गाडी सोडलेली होती. मामा डिसेंबरच्या थंडीत अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात बसले होते. आमचा विटाळ धुऊन घरी जायचं होतं त्यांना. माझ्या डोक्यावरून तासभर आधी फिरलेला हात ते पाण्यात चोळत होते. त्यांनी मला बघितलं. मी कांबळं हातात दिलं नाही, दगडावर ठेवलं आणि आले.

घरी येऊन मी तुला सांगितलं तेव्हा संतापानं माझे शब्द अडखळत होते. तू भांडी विसळत होतीस. म्हणालीस, "ठावं हाय मला. दरसाली सर्दी हुती त्याला."

मी तुझ्याशी चार दिवस बोलले नाही. मला वाटलं, ही बाई मडमबाईपुढं ताठ राहिली आणि भावापुढं लोळण घेते. मला तेव्हा माणसं दोनच तऱ्हेची दिसायची, ताठ आणि वाकलेली. पत्रकाला दोनच बाजू असतात, आई.

आणि मग तो नाताळ. मी एकोणीस वर्षांची, शिक्षिकेचा अभ्यास पुरा करून आलेली. अस्पृश्यता आणि विटाळ यांवर माझ्या हातचं पहिलं पत्रक छापून आलं होतं. आप्पांनी स्वतः खिळे जुळवले होते. मामा पाटावर बसले. तू ताट घेऊन पुढं झालीस. मी मधे गेले आणि आपल्या घरच्या पाण्याचा लोटा त्यांच्यासमोर ठेवला.

"मामा, आधी हे पाणी प्या. मग ओवाळणं."

"रूथ," आप्पा म्हणाले.

मामा हसले. "हे काय गं रुक्मी, परीक्षा घेतीस व्हय मामाची?"

"हो."

"बाय, मला तहान न्हाय."

"तहानेचा प्रश्न नाही. बहिणीच्या घरचं पाणी चालत नाही आणि बहिणीनं ओवाळलेलं चालतं?"

मामांचं हसू गेलं. त्यांनी लोट्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं. "मी प्यालो तर कोण मरत न्हाय," ते हळू म्हणाले. "पण कळलं तर माझ्या पोरीचं ठरल्यालं लगीन मोडंल. तिनं काय केलंय?"

"आणि माझ्या आईनं काय केलंय?"

मामा उठले. तांब्या उचलला, पटका नीट केला, तुझ्याकडे न बघता मागच्या दारानं गेले. तू ताट हातात धरून तशीच उभी होतीस. मी वाट बघत होते की तू मला मारशील, शिव्या देशील. तू एवढंच म्हणालीस, "रूथ, तू बरोबर बोललीस. पण दिवा इझला गं."

मामा सहा वर्षं आले नाहीत.

मी मधल्या काळात निपाणीला नोकरी धरली. दिवसा शाळा, संध्याकाळी तंबाखूच्या वखारीतल्या बायकांना अक्षरं शिकवणं, त्यांची गाऱ्हाणी लिहून देणं. त्या बायका मला "बाई, तुमच्या घरी कोण कोण?" असं विचारायच्या तेव्हा मी मामांचं नाव घेत नसे. नाताळला घरी येणं मी बंद केलं. शाळेला सुट्टी नाही, असं पत्रात लिहिलं. नाताळची सुट्टी सगळ्या शाळांना असते, हे आप्पांना चांगलं माहीत होतं. तुला पत्र वाचून दाखवताना ते वाक्य त्यांनी गाळलं असेल का? की तुम्ही दोघांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलंत? खरं कारण तुलाही ठाऊक होतं. तू दरवर्षी पाट मांडायचीस आणि मोकळ्या पाटाला ओवाळायचीस. युद्धात साखर रेशनवर गेली तेव्हा गुळाच्या करंज्या केल्यास, पण पाट चुकवला नाहीस. पहिल्या वर्षी मी ते बघितलं, पुढं आप्पांच्या पत्रांतून कळायचं. मला ते बघवत नव्हतं. मी त्याला तुझा दुबळेपणा म्हणायचे. बघवत का नव्हतं, ते स्वतःला विचारायचं मी टाळलं.

या दिवाळीत मी आले तेव्हा तुला धाप लागत होती. तू भिंतीला टेकून बसली होतीस, मी तुझे पाय चेपत होते.

"औंदा नाताळला येशील?" तू विचारलंस.

"येईन. पण तो पाट मांडू नकोस."

"का गं? तुझ्या काय डोईवर मांडते?"

"आई, ज्या माणसाला आपला विटाळ होतो, त्याच्यासाठी किती वर्षं मांडणार?"

तू श्वास घेऊन म्हणालीस, "त्याला इटाळ हुत न्हाय, रूथ. त्याला भ्या वाटतं. तुला त्यातला फरक कळत न्हाय. तुला कवा भ्या वाटलंच न्हाय, हेच तुझं वांदं हाय."

मी वाद घालणार होते. भीतीनंच जगातले सगळे अन्याय चालतात, हे माझं वाक्य तयार होतं. तेवढ्यात तुला खोकला आला आणि ते वाक्य राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मी निपाणीला परतले. पाट मांड, असं म्हणायला मला एक श्वास लागला असता. मी तो खर्चला नाही.

पाण्याबद्दल मी बरोबर होते, आई. आजही तेच म्हणेन, कुणापुढंही म्हणेन. पण दिवस तुझा होता. तू वर्षात एकच दिवस मागून घेतला होतास, आणि तो मी माझ्या पत्रकासाठी वापरला. हे मला तुझ्या हयातीत म्हणता आलं नाही.

आता दहा दिवसांपूर्वीचं सांगते. ते तू बघितलं नाहीस.

आप्पांनी काकतीला निरोप धाडला होता. मामा येतील असं मला वाटलं नव्हतं. पेटीला खिळे मारून झाले, पेटी दफनभूमीच्या फाटकाशी आली, आणि समोरून मामांची गाडी आली. भर दुपारी, सरळ रस्त्यानं. पटका डोक्यावर होता, तोंड उघडं होतं. म्हातारे झालेत मामा. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फाटकाबाहेर थांबले. मी पुढं गेले.

"बाय, उशीर झाला मला," ते म्हणाले. "लुगडं आणलंय. माहेरचं."

हिरवं लुगडं होतं. लेक कुठंही मेली, कशीही मेली तरी शेवटचं वस्त्र माहेरचं असतं. ज्या माहेरानं तुला पाण्याला शिवू दिलं नाही, त्याला हे मात्र आठवलं होतं. माझ्या जिभेवर काय काय आलं, तुला कल्पना येईल. मी लुगड्याकडे बघितलं. काठ एका जागी मुठीत धरून धरून चुरगळला होता.

मी पाळकबाबांकडे गेले. "पेटी उघडा."

"रूथबाई, आता उघडता येत नाही. तशी रीत नाही."

"आमच्या घरातल्या सगळ्या रीती माझ्या आईनं केल्या आहेत. ही एक मी करते. उघडा."

लोक कुजबुजू लागले. कुणी म्हणालं, बाहेरच्या माणसासाठी कशाला. तेव्हा आप्पा, जन्मभर दुसऱ्यांचीच वाक्यं जुळवलेले आपले आप्पा, एकदम मोठ्यानं बोलले. "तिचा भाऊ आहे तो. उघडा."

खिळे निघाले. मामा फाटकाच्या आत आले. एवढ्या लोकांत ते चालत आले आणि गुडघ्यावर बसले. लुगडं त्यांनी तुझ्या गळ्यापासून पायांपर्यंत पसरलं, खांद्यांपाशी दोन्ही बाजूंनी आत खोचलं, झोपलेल्या पोराचं पांघरूण खोचतात तसं. मग तुझ्या कपाळावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथंच होता. "शेवंते," एवढंच म्हणाले. तुझं ते नाव मी कितीतरी वर्षांनी ऐकलं. आप्पा तुला कधी नावानं हाक मारत नसत, चर्चच्या वहीत तुझं दुसरंच नाव होतं. ते पहिलं नाव जपून ठेवणारं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि मी त्याला सहा वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं.

जाताना मामांनी ओढ्यावर अंघोळ केली असेल. पण आई, मातीला गेलेला प्रत्येकजणच घरी जाताना अंघोळ करतो. त्या दिवशी त्यांना ती लपून करावी लागली नसेल. बहिणीच्या नावानं केली असेल.

पाण्याचं मी विचारलं नाही, त्यांनी मागितलं नाही. तो वाद तसाच आहे. मी तो सोडलेला नाही, एवढं तुला सांगून ठेवते.

सगळे पांगल्यावर मामा गाडीपाशी उभे होते. जू उचलता उचलता म्हणाले, "औंदा सण नसंल म्हणा तुमचा. घरातलं माणूस गेल्यावर वरीसभर सण न्हाय."

"सण आहे, मामा."

"कोण ओवाळणार?"

"मी."

"भाची ओवाळती व्हय मामाला? हे कुठं असतं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. चार पानी निघालं असतं. रीत म्हणजे काय, ती कुणी केली, कुणासाठी केली, सगळं मला पाठ आहे. मी म्हटलं, "सकाळी लवकर या."

मामांनी बैल जुंपले. कासरा हातात घेऊन बसले, पण गाडी हाकली नाही. पाठ माझ्याकडेच होती.

"तुझी मामी कवापासनं म्हणतीया," ते म्हणाले, "मला बी ने एकदा."

आई, तुझी बोलभांड पोरगी नुसती मान डोलवत उभी राहिली. त्यांना ती दिसली नसणार, म्हणून मी पुढं जाऊन गाडीच्या चाकावर हात ठेवला. तेव्हा कुठं त्यांनी मागं वळून बघितलं.